स्टेच्या रानातली माती

"सही करते की. पण आधी माझी परात," स्वयंपाकघराच्या दारातून आत्ती म्हणाल्या, आणि सोप्यात बसलेल्या पुरुषांचे चहाचे कप ओठांशी पोचायच्या आधीच थांबले.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्या घरात नवी होते. चहा देऊन ट्रे छातीशी धरून तिथंच उभी राहिले.

"कंची परात, वहिनी?" रंगराव नानांनी विचारलं. नाना गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. मांडीवर तडजोडीचा कागद, हातात पेन, पेनाचं टोपण काढलेलं.

"सासूबाईंची. पितळी, कड्यांची. त्यांच्या घरात हाय."

'त्यांच्या' म्हणजे ज्यांच्या, ते समोरच बसले होते. माझे चुलतसासरे तात्या. माझे सासरे आप्पा आणि तात्या हे सख्खे भाऊ, पण जमिनीचा दावा लागल्यापासून एकमेकांशी थेट बोलत नसत. बोलायचं ते मधल्या माणसाकडं बघून.

"नाना, त्यांना सांगा, परात देतो," तात्या भिंतीकडं बघत म्हणाले. "दोन देतो."

"कुठनं देताय?" अंगणात उभ्या असलेल्या शालनकाकींचा, म्हणजे तात्यांच्या मंडळींचा आवाज आला. "ती मला सासूबाईंनी हातानं दिलीया. परात जायची न्हाई, आन् सही बी व्हायची न्हाई."

नानांनी पेनाचं टोपण लावलं. "आवं, कोंबडीचा तंटा मिटला, गटारीचा मिटला, सासू-सुनांचे तर आम्ही लिहूनच घेतले न्हाईत. गावात एक तंटा उरलाय, तो तुमचा. दसरा झाला की तपासणीला सायेब येणार. एका परातीपायी गावाचं बक्षीस घालवता?"

"बक्षीस गावाला, परात माझी," आत्ती म्हणाल्या आणि आत गेल्या.

दावा होता विहिरीकडच्या वीस गुंठ्यांचा. आजेसासऱ्यांनी तो तुकडा दोन्ही सुनांच्या नावावर घेतला होता. वाटण्या झाल्या तेव्हा बांध विहिरीच्या अलीकडं की पलीकडं, यावरून भाऊ कोर्टात गेले. कोर्टानं स्टे दिला: निकाल लागेपर्यंत तिथं कुणी काही करायचं नाही. तेव्हापासून गाव त्या तुकड्याला 'स्टेचं रान' म्हणू लागलं. लग्नानंतर पहिले काही दिवस मला वाटायचं, स्टे नावाचा कुणी जमीनदार असावा. मी एकदा आत्तींना विचारलंही, "हे स्टे कुठं राहायला असतात?" त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्या दिवशी सगळे उठून गेल्यावर आप्पांनी तात्यांचा कप उचलून बघितला. चहा तसाच होता.

"वैजू, तात्याला बिनसाखरेचा लागतोय," ते मला म्हणाले. "पुढच्या बारीला ध्यानात ठेव." मग म्हणाले, "परात! गाडवाला गुळाची चव काय. बाईला भाऊ काय कळणार?"

एवढ्यावर मी मनाशी ठरवून टाकलं की माझ्या सासूबाई भांडकुदळ आहेत. माणूस प्रेमळ, पण परातीच्या बाबतीत भांडकुदळ.

आमच्या गावात घट बसतो तो ज्याच्या त्याच्या रानातल्या मातीत. नवरात्राच्या आदल्या दिवशी माती आणायची, पत्रावळीवर अंथरायची, त्यात धान्य पेरायचं, वर पाण्याचा घट ठेवायचा. धान्य जितकं जोमात उगवेल तितकं साल चांगलं. दसऱ्याला ते तुरे टोपीत खोवून पुरुष गावातून फिरतात, आणि कुणाचा तुरा किती उंच हे सगळं गाव बघतं. आमचा तुरा दरवर्षी उंच असायचा. आप्पा त्याचं श्रेय घ्यायचे ते औषधाला.

औषध म्हणजे फवारणीचं. आप्पांचा त्यावर फार जीव. "डब्यावर लिवलंय दोन झाकणं," ते सांगायचे. "मी तीन टाकतो. कंपनीवाला बी कंजूष असतोय, एक झाकण आपल्याकडनं." तणनाशक तीन झाकणं, अळीचं तीन झाकणं. खत पोल्ट्रीतलं. कोंबड्यांना रोगासाठी जे अँटिबायोटिक चारतात ते खतातनं रानात उतरतं, असं कृषी अधिकाऱ्यानं सभेत घाबरवायला सांगितलं होतं. आप्पा तिथून खूश होऊन परतले. वर फुकटचा डोस मिळतोय, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

माती दरवर्षी आत्ती एकट्या जाऊन आणायच्या. त्या वर्षी आप्पांनी सकाळीच जाहीर केलं, "औंदा माती सुनेच्या हातची. पहिला घट हाय तिचा."

"तिला कुठलं रान म्हाईत? मी आणते," आत्ती म्हणाल्या.

"मी दावतो की."

"तुम्ही कधीपास्नं मातीत पडायला लागला?"

"अगं, शेतकरी हाय मी. मातीतच पडलोय."

आत्तींनी पाटीत खुरपं टाकून पाटी माझ्याकडं अशी दिली, जशी मी परत येणारच नव्हते.

आप्पांनी मला सोयाबीन निघालेल्या रानात नेलं. माती काजळासारखी काळी. गवताची एक काडी नाही, एक मुंगी नाही. "बघ, कसं आरसपानी रान हाय," ते म्हणाले. "तण न्हाई, किडा न्हाई. देवीला अशी जागा कुठं मिळायची?" घरी आल्यावर त्यांनी स्वतः माती चाळली, स्वतः अंथरली, आणि आरतीपर्यंत देवघराच्या उंबऱ्यावरून हलले नाहीत. आत्ती तीनदा येऊन बघून गेल्या. मला वाटलं, सून पहिल्यांदा घट घालतेय म्हणून काळजी.

तिसऱ्या माळेला हरभरा वर आला. गहू आणि ज्वारी बोटाच्या पेराएवढी आली आणि थांबली. पाचव्या माळेला गव्हानं माना टाकल्या. मी एक कोंब हळूच उपसून बघितला. मुळं लांब व्हायच्याऐवजी गाठीसारखी आखडलेली.

त्या दुपारी शेजारच्या पारूबाई हळदीकुंकवाला आल्या. देवघरात वाकून बघितलं, वेळ लावून बघितलं.

"अगं बाई! ह्या घरात असं एवढ्या वर्षांत झालं न्हवतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नव्या हाताचा गुण असतोय एकेकाच्या."

"हाताचा कशाला?" आत्ती म्हणाल्या. "माती तर ह्यांनी अंथरलीया."

"पेरलं कुणी?"

पेरलं मी होतं. संध्याकाळी पाण्याला गेले तर गावातल्या आडावरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. पुण्याला कंपनीत असलेल्या नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "तू काही केलंस का?" मी फोन ठेवला. ज्या घरात घट उगवत नाही त्या घराकडं गाव वर्षभर त्याच नजरेनं बघतं. पुढं गाय आटली तरी ते माझ्या हातानं, पाऊस चुकला तरी माझ्याच हातानं.

आप्पा मात्र माझ्या बाजूचे होते, आपल्या पद्धतीनं. "पोरीचा काय दोष? हा रोग हाय. बॅक्टेरिया." त्यांनी कपाटातून एक पुडी काढली. डाळिंबाच्या तेल्या रोगावर मारतात ते अँटिबायोटिक. "मागं टीबीच्या माणसाला हेच टोचायचे. माणसाला चालतंय, कोंबडीला चालतंय, डाळिंबाला चालतंय, मग घटाला का न्हाई?"

"देवीवर फवारणी करताय?" आत्ती ओरडल्या.

"देवीवर न्हाई. बुडात."

त्यांनी तांब्यात पूड कालवली, 'सर्वमंगलमांगल्ये' म्हणत घटाच्या बुडात सोडली आणि नमस्कार केला. सहाव्या माळेला ज्वारीही आडवी झाली. सातव्या माळेला आप्पा आणखी जोरदार पुडी आणायला सकाळच्या एस्टीनं तालुक्याला गेले.

एस्टी वळणावर दिसेनाशी झाली तशी आत्तींनी पदर खोचला. "चल."

"कुठं?"

"मातीला."

मी सवयीनं सोयाबीनच्या रानाकडं वळले. आत्ती विहिरीकडं.

"आत्ती, ते तर स्टेचं रान. तिथं जायचं नाही. पोलीस धरतील."

"धरू देत की. सासू-सून एका गाडीत जाऊ. तेवढीच तालुक्याची सहल."

स्टेचं रान मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. कमरेएवढं गवत, तरवड, मधोमध एक बोरीचं झाड. जमीन तांबूस, मुरमाड, आप्पांच्या भाषेत 'भिकार'. पण पाय ठेवला की तो मऊ आत जायचा. गांडुळांनी वर काढलेल्या मातीच्या बारीक वळ्या सगळीकडं. आणि बोरीखाली खुरप्यानं काढलेले खड्डे, ओंजळीएवढे, एकाशेजारी एक.

बोरीच्या सावलीत शालनकाकी बसल्या होत्या. मी थबकले. सोप्यातल्या भांडणानंतर या दोघी एकमेकींसमोर आल्या की काय होणार, कुणाला ठाऊक.

"किती उशीर, आक्का," काकी म्हणाल्या. "मला वाटलं, भावजींची एस्टी चुकली."

"चुकली असती तर ढकलत नेली असती." आत्ती त्यांच्याशेजारी मटकन बसल्या आणि त्यांच्या चंचीतलं पान घेतलं.

काकींच्या पुढ्यात लाल खणानं झाकलेलं काहीतरी होतं. त्यांनी खण काढला. वीतभर उंच, दाट, एकसारखा उगवलेला घट. गहू, ज्वारी, मका, सगळं सरळ उभं. आणि तो होता एका पितळी परातीत. कड्यांच्या.

मी परातीकडं बघितलं, मग आत्तींकडं.

"दरसाली एक जादा पेरते," काकी मला म्हणाल्या. "कुणाच्या घरी काय हुईल, सांगता येतंय व्हय?"

"तुम्ही दोघी तर..."

"बस खाली," आत्ती म्हणाल्या. "लई वर्षं झाली. एका नवरात्रात माझा घट असाच आडवा झाला. मी म्हटलं, आपलं काय तरी चुकलं. दुसऱ्या साली गुपचूप हितं आले माती चोरायला. बघते तर ही बया आधीच खुरपं घेऊन बसलेली."

"मी बोरं वेचत हुते," काकी म्हणाल्या.

"दसऱ्याच्या आधी? फळ तरी धरलं हुतं का बोरीला?"

दोघी हसल्या. काकींनी खड्ड्यांकडं बोट केलं. "हा आक्काचा. हा माझा. हा पारूचा."

"पारूबाईंचा?" मी म्हणाले. "मला तर म्हणत होत्या, नव्या हाताचा गुण!"

"तिला काय ठावं, तुझी माती काळ्या रानातली हाय? ती समजली, तू बी हितलीच आणलीस. हितल्या मातीत उगवलं न्हाई, म्हंजे हातच वाईट." काकींनी पुढचा खड्डा दाखवला. "आन् ह्यो मोठा रंगराव नानांच्या मंडळींचा."

"तंटामुक्तवाल्या?"

"त्यांचं देवघर मोठं हाय."

मी विचारलं, "पण माती आपापल्या रानातली लागते ना?"

"सातबारा बघ," आत्ती म्हणाल्या. "आमच्या दोघींच्या नावावर हाय. आपल्याच रानातली झाली. बाकीच्या आम्हाला विचारून नेत्यात."

"मग परातीचं भांडण?"

"काय तरी मागाय पायजे का नगं? दागिना मागितला तर देऊन मोकळे हुतील. परात मागितली की म्हणत्यात, बाया खुळ्या. खुळ्या बाईला कोण समजावत बसतंय? आज सही केली की उद्या हितं नांगर, आन् परवा ह्यांची तीन झाकणं."

"आप्पांना सांगायचं की, आत्ती."

"सांगितलं हुतं. म्हणाले, घट आडवा झाला म्हंजे औषध कमी पडलं."

काकी मात्र आता हसत नव्हत्या. "माझं एकच डाचतंय, आक्का. आमचे हे जेवताना रोज विचारत्यात, आप्पा वाळल्यागत दिसतोय, न्हाई? आन् जाऊन बोलायचं म्हटलं की दावा आडवा येतोय."

आत्ती पान चघळायच्या थांबल्या. "औंदा नाना सोडायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "बघू."

परात माझ्या डोक्यावर दिली. वर लाल खण. वेशीत नेमके रंगराव नाना समोर आले.

"काय वहिनी, सुनेच्या डोक्यावर काय?"

"पूजेचं हाय. हात लावू नगा."

नाना दोन पावलं मागं सरले, पायातलं पायताण काढलं आणि परातीला नमस्कार केला. गावातला शेवटचा तंटा त्यांच्या नाकासमोरून गेला.

घरी आल्यावर देवघराचं दार लावलं. बसलेला घट हलवत नाहीत, एवढं मलाही ठाऊक होतं. आत्तींनी हात जोडले. "आई, दोन मिनिटं जरा उठ. तुझं अंथरूण बदलते." मग मी घट अलगद उचलून धरला, त्यांनी खालची पत्रावळ ओढून परातीतली माती-तुऱ्यांची अख्खी वडी तिथं सरकवली. देवी परत बसली. वाळलेली काळी माती परातीत गेली आणि परात देव्हाऱ्याच्या ओट्याखाली.

"आत्ती, रंग? ही तांबडी दिसतेय."

"देवघरात उजेड किती? कुणाला कळतंय."

दुपारी आप्पा पुडी घेऊन आले. हातपाय धुऊन देवघरात गेले आणि तिथंच उभे राहिले. आम्ही दोघी दाराशी. आप्पा वाकले. तुऱ्यांवरून हात फिरवला. बुडाकडं बघितलं. पुन्हा वाकून बघितलं.

"पहिल्या डोसाचा गुण," ते शेवटी म्हणाले. "वैजूच्या हाताला यश हाय."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं होतं. आप्पांनी चावडीवर स्वतः सांगितलं: औषध आपलं, हात सुनेचा. पारूबाई माझा हात बघायला घरी आल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुडीची दोन गिऱ्हाइकं तालुक्याला गेल्याचंही कळलं, तेव्हा आत्तींनी कपाळावर हात मारून घेतला.

दसऱ्याच्या संध्याकाळी नाना आले ते तात्यांना आणि काकींना घेऊनच. सोनं वाटून झालं. तडजोडीचा कागद मांडीवर आला, पेनाचं टोपण निघालं. या वेळी नानांच्या मागून एक माणूस पोतं घेऊन आला होता. नानांनी पोत्यातून झगझगीत नवी पितळी परात काढली आणि आत्तींपुढं ठेवली.

"कड्यांची हाय. समितीकडनं भेट. आता बोला, वहिनी."

आत्तींनी परातीकडं बघितलं. काकींकडं बघितलं. काकींनी मान खाली घातली. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या त्या दोन म्हाताऱ्या भावांकडं आत्तींनी नजर टाकली आणि हळूच पुढं आल्या. मला कळलं, त्या सही करणार.

तेवढ्यात तात्या भिंतीकडं बघायचे सोडून आप्पांच्या टोपीकडं बघू लागले. टोपीत वीतभर तुरा होता. तुऱ्याच्या बुडाला चिमूटभर माती चिकटून राहिली होती.

"नाना," तात्या म्हणाले, "त्यांना विचारा, काळ्या रानातल्या तुऱ्याला तांबडी माती कशी?"



आप्पांनी टोपी काढली, तुरा डोळ्यांजवळ नेला, माती बोटांत चोळली. "सांगा त्यांना, औषधाचा गुण. मातीचा रंग बी पालटला." मग त्यांनी तात्यांच्या टोपीकडं बघितलं. "आन् त्यांना विचारा, त्यांचं रान तर माझ्याहून काळं. मग त्यांच्या तुऱ्याला कशी?"

तात्यांचा हात आपोआप टोपीकडं गेला. बोट पुढं आलं तेव्हा तांबडं होतं. ते बोट त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

"मी बी तेच औषध मारलं," तात्या म्हणाले.

दोघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. मधे बसलेले नाना एकदा या टोपीकडं, एकदा त्या टोपीकडं बघत होते. त्यांच्याही टोपीत तुरा होता, पण स्वतःची टोपी माणसाला दिसत नाही.

"मग करायची का सही?" नाना म्हणाले. "परात तर आली."

"ही न्हवं," आप्पा म्हणाले.

"आँ?"

"ही बाजारातली. आमच्या आईची परात पायजे. तिच्याबिगर ह्या घरातली सही व्हायची न्हाई."

"अरे, मागच्या बारीला तर तू सहीला तयार हुतास..."

"बाईमाणसाचा शब्द हाय, नाना. मोडता येत न्हाई."

"आन् परात आमच्याकडनं जायची न्हाई," तात्या म्हणाले. "आईनं हातानं दिलीया."

नाना कागदाची घडी करत उठले. बक्षिसाचं काय तोंड दाखवू, म्हणत नवी परात पोत्यात घालून घेऊन गेले.

ती जुनी परात त्या वेळी सोप्यापासून दहा पावलांवर होती, आमच्याच देव्हाऱ्याच्या ओट्याखाली. आप्पा सातव्या माळेपासून रोज त्याच ओट्यासमोर मांडी घालून पूजा करत होते. कडं ओट्याबाहेर आलेलं होतं.

नाना गेल्यावर कुणी उठेना. तात्यांनी घसा साफ केला. आता मधे बघायला माणूस उरला नव्हता.

"सोमवारची तारीख हाय," आप्पा म्हणाले. "कशानं जाणार?"

"एस्टीनं."

"माझ्या गाडीवर चल की. कोर्टाम्होरं भजी चांगली मिळत्यात."

तात्या खाली बघून 'हूं' म्हणाले. आत्ती स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या, खांदे हलत होते, आणि त्या हसतायत की रडतायत ते मला मागून कळेना. काकी पदर तोंडाला लावून त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"वैजू," आप्पांनी हाक मारली, "चहा ठेव. तात्याचा बिनसाखरेचा."